चाफ्याची छाटणी आणि सहा पणांचा दंड



गेल्या वर्षी मृगाच्या आधी आमच्याकडे जो वळीव झाला, त्यात परसातला चाफा मधोमध चिरला. अर्धी फांदी धुण्याच्या दगडावर आडवी पडली. त्या दगडावर बसून आमची नात पाच मिनिटांपूर्वी कागदाच्या होड्या करत होती. विजा चमकायला लागल्या म्हणून सूनबाईंनी तिला ओढून आत नेलं, एवढंच. रात्री जेवताना कोणी फारसं बोललं नाही. शेवटी हे म्हणाले, "काढूनच टाकू या का झाड?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण त्या झाडाला कोयता लावणार नाही, असा शब्द मी सासूबाईंना दिला होता.

हा चाफा सासूबाईंनी १९७२ साली लावला, घराची वास्तुशांत झाली त्याच वर्षी. त्यांचं माहेर बेळगावकडचं, त्यामुळे त्या त्याला मराठीतलं खुरचाफा किंवा देवचाफा न म्हणता कानडीतलं देवकणगिले म्हणायच्या. म्हणजे देवाची कण्हेर. मला तेव्हा हसू यायचं, चाफ्याला कण्हेर कसं म्हणता म्हणून. पुढे कळलं की वनस्पतिशास्त्रात दोन्ही झाडं खरोखरच एका कुळातली आहेत, तोडलं की दोघांतूनही चीक येतो. सासूबाई कधी फूल तोडत नसत. रात्री झोपण्यापूर्वी झाडाखाली धुतलेलं पांढरं धोतर अंथरायच्या आणि पहाटे त्यावर पडलेली फुलं परडीत घेऊन बस्तीत जायच्या. चाफ्याचं फूल सुकून गळत नाही, ताजं, टवटवीत असतानाच देठ सोडून देतं. आपल्या घराला याच्यासारखं झाड नाही, असं त्या म्हणायच्या. शेवटच्या आजारपणात त्यांनी माझ्याकडून दोनच गोष्टी कबूल करून घेतल्या. एक चतुर्दशीच्या उपवासाची आणि दुसरी ही.

पण कोयता लागून गेला होता, आमच्या गैरहजेरीत. काही वर्षांपूर्वी आम्ही सम्मेद शिखरजीला गेलो असताना विजेच्या तारांखालच्या फांद्या तोडणारी माणसं आली आणि आमच्या चाफ्याचा माथा त्यांनी सरळ रेषेत उडवला. परत आलो तेव्हा मनगटाएवढे पाच-सहा खुंट उभे होते, बोडके. पावसाळ्यात प्रत्येक खुंटातून चार-चार, पाच-पाच धुमारे फुटले. मला वाटलं, झाड सावरलं. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "बघा, आता कसा भरगच्च झाला!" तो भरगच्चपणाच घातक होता, हे आम्हाला आठ वर्षांनी कळलं. असे एका ठिकाणाहून दाटीने फुटलेले धुमारे खोडात खोलवर रुजलेले नसतात. वरवर चिकटलेले असतात. त्यांचं वजन वाढत जातं, खुंट आतून कुजत जातो आणि एका वाऱ्यात सगळं फाटतं.

म्हणजे न छाटावं तर उरलेलं अर्धं झाड पुढच्या वळवात कोणाच्या तरी डोक्यावर, आणि छाटावं तर शब्द मोडतो. शिवाय शब्दापलीकडचा प्रश्न होताच. वनस्पती एकेंद्रिय जीव. तिला स्पर्श आहे, श्वासोच्छ्वास आहे, कायबल आहे, आयुष्य आहे. श्वेतांबर आगमांतल्या आचारांगात तर माणसाचं शरीर आणि झाड शेजारी शेजारी ठेवून तुलना केली आहे: हेही जन्मतं तेही जन्मतं, हेही वाढतं तेही वाढतं, हेही तोडलं की कोमेजतं आणि तेही. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न चिरणारे आपण, भर घरात करवत चालवायची?

मी कॉमर्सची पदवीधर. शास्त्रांची पंडित नाही. पण हिशेब अडला की मागच्या वह्या काढायच्या, एवढं आम्हाला शिकवलेलं असतं. म्हणून त्या चातुर्मासात, झाडाला हात न लावता, मी मागच्या वह्या काढल्या.

पहिली वही घरातलीच होती, रत्नकरंड श्रावकाचार. आचार्य समंतभद्रांनी अनर्थदंडाचे प्रकार सांगताना प्रमादचर्येत झाडं तोडण्याचा उल्लेख केला आहे. जमीन उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, हवा ढवळणं यांच्याबरोबरीने. आजवर मी तो श्लोक स्वाध्यायात कितीदा म्हटला असेल. पण त्यातल्या ‘विफल’ या शब्दावर कधी थांबले नव्हते. विफल, म्हणजे ज्यातून काही निष्पन्न होत नाही असं. गृहस्थाला स्थावर जीवांची हिंसा पूर्ण टाळता येत नाही, चूल पेटते, भाजी चिरली जाते. ती आरंभी हिंसा. आचार्य बोट ठेवतात ते निष्कारण केलेल्या हिंसेवर. तारांखालच्या फांद्या तोडायला येऊन ज्याचा तारेशी संबंध नाही तो भागही उडवणं, हे माझ्या मते या शब्दाचं अगदी चपखल उदाहरण. पण मग माझी छाटणी सफल ठरेल की विफल, हे मला आधी सिद्ध करावं लागणार होतं.

दुसरी वही आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. बस्तीच्या भिंतीवरचं लेश्यावृक्षाचं चित्र. दहाव्या शतकात, श्रवणबेळगोळचे बाहुबली उभे करणाऱ्या चामुंडरायांच्या काळात, आचार्य नेमिचंद्रांनी गोम्मटसार जीवकांडात हा दृष्टान्त दिला आहे. रानात वाट चुकलेल्या सहा वाटसरूंना फळांनी लदलेलं एक झाड दिसतं. एकाला ते मुळासकट उपटावंसं वाटतं, ती कृष्ण लेश्या. दुसऱ्याला बुंधा तोडावासा वाटतो, नील. तिसऱ्याला मोठी फांदी, कापोत. चौथ्याला डहाळी, पीत. पाचवा फक्त फळं तोडू म्हणतो, पद्म. सहावा खाली पडलेली वेचू म्हणतो, ती शुक्ल. धोतर अंथरणाऱ्या सासूबाई कोणत्या पायरीवर होत्या, ते सांगायलाच नको. आणि मी तिथून थेट तिसऱ्या-चौथ्या पायरीवर उतरायला निघाले होते.

आता तिसरी वही, आणि ही मला सगळ्यात आवडली, कारण हिच्यात चक्क दरपत्रक आहे. कौटिल्याचं अर्थशास्त्र. हा ग्रंथ कित्येक शतकं विस्मरणात होता. म्हैसूरला आर. शामशास्त्री यांच्या हाती त्याची हस्तलिखित प्रत आली आणि १९०९ साली तो छापून निघाला. त्याच्या तिसऱ्या अधिकरणात, मारामारी आणि इजा करण्याच्या गुन्ह्यांच्या प्रकरणात, शेवटी झाडं येतात. हेच मला आधी विलक्षण वाटलं. माणसाला मारलं तर काय, जनावराला मारलं तर काय, आणि त्याच ओघात झाडाला मारलं तर काय. नगरातल्या बागेत फुलं, फळं किंवा सावली देणाऱ्या झाडाचा कोवळा कोंब तोडला तर दंड ६ पण. लहान फांदी तोडली तर १२ पण. जाड फांदी तोडली तर २४ पण. बुंधा तोडला तर पहिल्या प्रतीचा साहसदंड, आणि समूळ उपटलं तर मधल्या प्रतीचा. फुलंफळं देणारी झुडपं आणि वेली असतील तर निम्मा. हद्दीवरची झाडं, चैत्यवृक्ष, खुणेची झाडं आणि राजवनातली झाडं असतील तर दुप्पट.

दर कसे दामदुपटीने चढतात पाहा! सहा, बारा, चोवीस. आणि मग माझ्या लक्षात आलं की ही शिडी मी आत्ताच कुठेतरी पाहिली आहे. डहाळी, फांदी, बुंधा, मूळ. लेश्यावृक्षाचीच शिडी, फक्त खालून वर मोजलेली. राजाच्या अधिकाऱ्याने तीच दंडाच्या आकड्यांत मांडली, आचार्यांनी भावाच्या रंगांत. एकाने दुसऱ्याचं पाहून लिहिलं असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण झाड तोडणं म्हणजे एकच एक कृत्य नव्हे, त्यात पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीचा हिशेब निराळा, हे या देशात दोन अगदी वेगळ्या माणसांना दिसलं होतं. आमच्याकडे आलेल्या त्या कोयतेवाल्यांना मात्र ‘तोडा’ एवढा एकच शब्द माहीत होता.

अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखातही ‘निष्कारण’ची बंदी आहे. राज्याभिषेकाला सव्वीस वर्षं झाल्यावरचा तो लेख. त्यात जंगलाला विनाकारण किंवा प्राणी मारण्यासाठी आग लावू नये असं म्हटलं आहे, आणि ज्यात जीव आहेत असा भुसा जाळू नये असंही. भुशातल्या जिवांची आठवण ठेवणारा राजा! धान्य निवडताना सुपातले किडे अलगद बाजूला काढणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना हे वाक्य कळलं असतं.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण आज्ञापत्राचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या या ग्रंथात आरमारासाठी लाकूड कसं आणावं ते सांगितलं आहे. सागवान रानातून परवानगीने तोडावं, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. आंबे-फणस हीही आरमाराच्या कामाची लाकडं, पण त्यांना हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती पोटच्या लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर तिच्या दुःखाला पारावार राहत नाही. एखादं झाड अगदी जीर्ण होऊन कामातून गेलं असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. जबरदस्ती करू नये. बळजोरीने तोडलेल्या झाडाने केलेलं काम टिकत नाही, असाही भाव त्यात आहे. मी हे यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "पण आपल्या झाडाची धनीण तर गेली. राजी कोणाला करायचं?" यांना वाटलं, विनोद झाला.

इथे थोडं विषयांतर करते. सासूबाईंची समजूत होती की हा चाफा फार प्राचीन, थेट वासुपूज्य भगवंतांच्या चंपापुरीचा. तसं नाही. जुन्या संस्कृत-प्राकृत ग्रंथांतला चंपक म्हणजे आपला सोनचाफा. तो वेगळ्याच कुळातला. परसातला हा पांढरा, पोटात पिवळा, चिकाचा चाफा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा. तिथल्या अ‍ॅझ्टेक लोकांच्या भाषेत त्याचं नाव होतं काकालोशोचित्ल, म्हणजे कावळ्याचं फूल. स्पॅनिश जहाजं १५६५ पासून अडीचशे वर्षं मेक्सिकोचं आकापुल्को आणि फिलिपिन्सचं मनिला यांच्यामध्ये ये-जा करत होती. फिलिपिन्समध्ये याच झाडाला आजही कालाचुची म्हणतात आणि त्या शब्दात जुन्या नावाचा आवाज ऐकू येतो. शास्त्रीय नाव प्लुमेरिया पडलं ते शार्ल प्लुमिए या फ्रेंच संन्यासी वनस्पतितज्ज्ञावरून. १७५३ साली लिनियसने ते आपल्या ग्रंथात नोंदवलं. म्हणजे परदेशातून आलेलं हे झाड. पण इथे आलं आणि देवळं, बस्त्या, मठ, स्मशानं, सगळीकडे असं मिसळून गेलं की नावातच देव आला. सोनचाफ्याच्या वासाने त्याला चाफा म्हणून आपलंसं केलं असेल. मला यात कमीपणा वाटला नाही, उलट एक गोष्ट मोकळी झाली. या झाडाला हात लावायचा नाही असा कुठला प्राचीन दंडक नाही. दंडक होता तो फक्त एका बाईच्या मायेचा.

आणि एक गंमत. चाफ्याच्या फुलात मध नसतो. रात्री वासाला भुलून पतंग येतात, शोधून शोधून रिकाम्या सोंडेने जातात, आणि तेवढ्यात परागांचं काम होतं. देवाच्या झाडाचा हा कावा मला फार दिवस पचला नव्हता.

कशी छाटावी, याचीही वही निघाली. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, सहाव्या शतकातल्या, वृक्षायुर्वेदाचा एक छोटा अध्याय आहे. आजारी झाडाच्या इलाजात तो सांगतो, आधी शस्त्राने सडका भाग साफ करावा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्यावा आणि दूध मिसळलेलं पाणी घालावं. सर्वांत आधी शस्त्र! म्हणजे कापणं हा उपचार असू शकतो, हे दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी लिहून ठेवलं होतं. फांदी लावून येणाऱ्या झाडांची यादीही तो देतो, डाळिंब, द्राक्ष, फणस, अशोक वगैरे, आणि फांदीला शेण लावून लावावी म्हणतो. चाफा त्या यादीत नाही. तो तेव्हा समुद्रापलीकडे होता.

लेपाबद्दल मात्र आता मत बदललं आहे. अमेरिकेच्या वनखात्यात अ‍ॅलेक्स शायगो नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडांची खोडं उभी-आडवी चिरून पाहिली. त्यांचं सांगणं असं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड त्या जखमेभोवती आतून भिंती घालतं आणि कुजका भाग कोंडून टाकतं, नवं लाकूड बाहेरून वाढवतं. म्हणून फांदी जिथे खोडाला मिळते तिथला फुगीर कडा कापायचा नाही, कारण भिंत बांधण्याची ताकद तिथे असते. आणि लांब खुंटही ठेवायचा नाही, कारण तो कुजतो. वरून डांबर, रंग लावून उपयोग नाही. हे वाचताना मला संवराची आठवण झाली. आस्रवाची वाट बंद करायची, मग पुढचं. असो, कुठली गोष्ट कुठे जोडते मी!

पुढे काम सोपं होतं. महानगरपालिकेत फोटोसह अर्ज केला, कारण १९७५ च्या राज्याच्या कायद्याने शहरात झाडाला हात लावायचा तर वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. कौटिल्याचाच वारसा म्हणायचा. परवानगी मिळाली तरी चातुर्मासभर थांबलो. आमचा चाफा थंडीत पानं गाळतो. पानं गेल्यावर त्याचा सांगाडा स्वच्छ दिसतो, कोणती फांदी कोणावर घासते, कोणती आत वळली आहे ते कळतं, आणि नवी पालवी यायला अवकाश असतो. म्हणून माघ महिना धरला. दिवस अष्टमी-चतुर्दशीचा नको, एवढंच पाहिलं.

माळीबुवा जुने, सत्तरीचे. कोयता आणायचा नाही, करवत आणायची, असं आधीच सांगितलं होतं. करवत आम्ही स्पिरिटने पुसली. कापण्याआधी मी शिडीवर चढून प्रत्येक फांदी पाहिली. घरटं नव्हतं. मुंग्यांची रांग होती, ती मऊ फडक्याने अलगद दुसऱ्या फांदीवर वळवायला पाऊण तास गेला. मुंगी तीन इंद्रियांची, त्रस जीव, तिथे घाई नाही. माळीबुवा बिडी न ओढता बसून राहिले, त्यांचे उपकार. मग त्यांनी मला दाखवलं: जाड फांदी आधी खालून थोडी कापायची, मग वरून. नाहीतर पडताना खोडाची साल सोलत खाली येते. काप थोडा तिरका, पाणी न साचेल असा. चाफ्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार झोंबतो, म्हणून त्यांनी यांचा जुना चष्मा लावला होता. पांढरा चीक धारेने ठिबकत होता. मी णमोकार म्हणत होते आणि त्याकडे पाहत होते, नजर वळवली नाही. ती वळवायची नाही, असं मी ठरवलंच होतं.

एका खुंटावरच्या चार-पाच धुमाऱ्यांतला एक धडधाकट, बाहेरच्या बाजूला झुकलेला ठेवायचा, बाकीचे काढायचे. मधला भाग मोकळा, वाटीसारखा करायचा, म्हणजे ऊन-वारा आत जातो. चाफा फुलतो फांदीच्या टोकाला. टोक कापलं की खालून दोन-तीन नवी टोकं फुटतात, पण ती फुलायला एखादा हंगाम जातो. माळीबुवा म्हणाले, "ताई, यंदा फुलं मागू नका त्याच्याकडं."

कापलेल्या फांद्या टाकल्या नाहीत. सावलीत पंधरा दिवस उभ्या ठेवल्या, चीक वाळून टोक कोरडं होईपर्यंत. मग वाळू-मातीत लावल्या, पाणी अगदी बेताचं. नऊ लावल्या, सात जगल्या. पैकी एक बस्तीच्या आवारात आहे, एक शेजारच्या काकूंकडे.

रात्री आलोचना पाठ झाल्यावर मी वही काढली आणि कौटिल्याच्या दराने हिशेब मांडला. जाड फांद्या ३, दर २४, एकूण ७२. लहान फांद्या ७, दर १२, एकूण ८४. कोंब ५, दर ६, एकूण ३०. बेरीज १८६ पण. हे चष्म्यावरून पाहत म्हणाले, "फुलं बस्तीत जातात ना? मग चैत्यवृक्षाचा दर लाव, दुप्पट." विनोद होता की नाही, कळलं नाही. मी ३७२ लिहिलं. एका पणाला दहा रुपये असा आमच्यापुरता भाव ठरवला आणि ३,७२० रुपये पांजरपोळाला भरून पावती त्याच पानाला टाचली. खर्चाच्या नावापुढे मी ‘छाटणी’ लिहिलं आणि त्याखाली सासूबाईंचं नाव.

धोतर अजूनही रोज रात्री अंथरते. पूर्वी पहाटे परडी भरायची. यंदा अक्षय्य तृतीयेला, न कापलेल्या एका फांदीची, चार फुलं पडली होती. तीन बस्तीत नेली. एक नातीने कानामागे खोवलं आणि ती धुण्याच्या दगडावर जाऊन बसली.